तळं थोडं जवळ ठेवावं

मुळशीच्या त्या रिसॉर्टमध्ये पहिल्यांदा गेलो ते २००८च्या ऑक्टोबरात. लग्नाला पाच वर्षं झाली होती, आणि एका रात्रीचं भाडं घराच्या हप्त्याच्या निम्मं होतं. पैसे वसूल करायचे म्हणून हिनं दिवसातून तीनदा टबात आंघोळ केली. मी नाश्त्याला दोनदा गेलो; दुसऱ्यांदा शर्ट बदलून. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या, पायरीखाली हिरवळ, आणि हिरवळ संपली की लगेच पाणी. संध्याकाळी एक वयस्कर वाढपी मामा चहा ठेवून जायचे. आवाज असा नाहीच. टिटवी ओरडली तर तीच काय ती गडबड.

पुढची पंधरा-सोळा वर्षं आम्ही त्या दोन खुर्च्यांवर काढली. लोकलमध्ये चेंगरताना, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बसल्याबसल्या, 'मुळशी' एवढं म्हटलं की पुरे.

यंदा मे महिन्यात लेकीला घेऊन गेलो. कोलाडवरून ताम्हिणी घाट चढलो. फाटकाशीच मनगटावर कागदी पट्टी बांधली, लहानपणी जत्रेत हातावर शिक्का मारायचे तशी. मेन्यू फोनवर स्कॅन करून बघायचा, आणि खोलीत रेंज नाही. वेताच्या खुर्च्या गेल्या होत्या. जागी टांगता झोपाळा, खाली पाटी: 'एका वेळी एकच.' पाच वर्षं झालेल्या जोडप्यांनी कुठं बसायचं, ते लिहिलं नव्हतं. हिरवळीवर कुणाची तरी हळद. डीजेला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण पलीकडच्या डोंगरालाही नाचवायचं त्यानं ठरवलं होतं.

खोलीचं नाव 'लेक व्ह्यू'. पाहिलं तर पलंगावर आमची लेक फोनमध्ये डोकं घालून पडलेली. तेवढाच व्ह्यू शिल्लक होता. कारण पाणीच जागेवर नव्हतं. हिरवळीच्या कडेला आता पोहण्याचा मोठा तलाव केलाय. त्याची पलीकडची कड दिसूच नये, तो थेट धरणात मिसळल्यासारखा वाटावा, अशी योजना. मिसळणार कशात? धरण मागं सरकत सरकत पार लांब गेलेलं, मध्ये तडकलेली राखाडी जमीन.

"पाण्याचं काय झालं?" मी फाटकावरच्या वॉचमनला विचारलं. तो तिथलाच.

"मे आहे ना साहेब. खाली भिऱ्याला गेलं, लायटीला."

खरं तर हे मला ठाऊक असायला हवं होतं. मुळा नदीनं आपली पुण्याकडं जायचं, पुढं भीमेतून कृष्णेत. टाटांच्या धरणानं तिला अडवून उलटं पश्चिमेला वळवलं. पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्री उतरतं, भिऱ्याच्या वीजघरात राबतं आणि कुंडलिकेला मिळतं. कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर. वीज मुंबईला. म्हणजे मी लहानपणी परळच्या खोलीत ज्या दिव्याखाली पाढे पाठ केले, तो दिवा आणि माझं हे तळं एकाच पाण्याचे. आम्ही ऑक्टोबरात आलो होतो, धरण काठोकाठ भरलेलं असताना. आणि ते बाराही महिने तसंच असतं, असं धरून चाललो होतो.

संध्याकाळी दोघं पाण्यापर्यंत चालत निघालो. रिसॉर्टच्या पांढऱ्या सपाता घालून, हा मूर्खपणाच. निम्म्या वाटेत दगडांची एक सरळ ओळ लागली, मग दुसरी. हिनं विचारलं, "बांध असतील का रे शेताचे?" असतील. इथली भाताची खाचरं वाचवायला मावळातले शेतकरी १९२१ साली रामनवमीला सत्याग्रहाला बसले होते. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' म्हणायला लागले ते याच लढ्यात. तरी धरण झालं. या मातीचा आंबेमोहोर नावाजलेला. रात्री जेवणात मात्र जिऱ्याचा बासमती होता, आणि सोबत इटालियन काउंटर. मी बराच वेळ त्या बांधावर उभा होतो. आपल्या दोन खुर्च्या गेल्याची तक्रार करायला ती जागा जरा अडचणीची होती.

तेवढ्यात हिची सपाता चिखलात रुतून बसली. ओढली तर पाय बाहेर आला आणि सपाता आतच. आम्ही इतके हसलो की लांबून डीजेवाल्यालाही ऐकू गेलं असेल.

परत आल्यावर हिरवळीवर पाय ठेवू दिला नाही. "मॅम, पाय मागं धुवा ना." मागं म्हणजे मुदपाकखान्यापाशी, भांड्यांच्या नळावर. तिथं मामांची चौकशी केली. गेल्या दहा वर्षांत असं कुणी इथं नव्हतं म्हणाले.

निघताना काउंटरवरच्या मुलीनं अभिप्रायाचा फॉर्म पुढं केला. बिलात हरवलेल्या सपातेचे दीडशे रुपये होतेच. 'सुधारणा सुचवा' या रकान्यात हिनं नीट अक्षरात लिहिलं: 'तळं थोडं जवळ ठेवावं.'

मुलीनं वाचलं, मान डोलावली आणि कागद ट्रेमध्ये ठेवला. "नक्की, मॅम. मॅनेजर सरांना सांगते."