कपाटातले सिनेमे

मंगळवार. सकाळपासून पाऊस.

वाचनालयात आज तिघंच आले. चवथ (गणेशचतुर्थी) आठ दिवसांवर, सगळा गाव माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या मांडवीच्या नादात. म्हटलं, अध्यक्षांनी सांगितलेलं काम उरकून टाकू. डीव्हीडीच्या कपाटातून ‘सुट्टीत घरी न्यायला दहा चांगले सिनेमे’ निवडून फळ्यावर लिहायचे होते. दोन तासांत चार नावं लिहिली, तीही पुसली.

नुसत्या नावांनी भागत नाही. ‘संत तुकाराम’ (१९३६) म्हटलं की लोकांना वाटतं, अभंगांचा जुना सिनेमा, आजीला बरा. मला तर त्यात तुकारामापेक्षा जिजाई आवडते. घरात दाणा नाही, पोर आजारी, आणि ही बाई वहाण घेऊन थेट पांडुरंगासमोर उभी! गौरी या नटीने केलेला तो संताप अजून निवलेला नाही. शेजारच्या वहिनींना एवढंच सांगून डीव्हीडी दिली होती. परत करताना म्हणाल्या, “आमच्या सासूबाईच वाटल्या हो.”

‘त्रिकाल’ (१९८५) मात्र मी दिसेल त्या गोंयकाराच्या गळ्यात मारतो. श्याम बेनेगलांनी तो लोटलीला मारियो मिरांडांच्या घरात चित्रित केला. साल १९६१, पोर्तुगीज जायच्या बेतात, घरात नुकतंच मरण झालेलं. डोना मारिया मेलेल्या नवऱ्याच्या आत्म्याला बोलवायला बसते आणि येतो कोण, तर तिच्या वाडवडिलांनी ज्याचा जीव घेतला तो बंडखोर राणे. आमच्याकडे राण्यांच्या सत्तरी तालुक्यातून येणारे एक मास्तर हा भाग तीनदा मागे नेऊन बघत बसले होते. अशोक मेहतांचा कॅमेरा मेणबत्त्यांच्या उजेडात फिरतो, दिवसाउजेडी टीव्हीवर नुसता काळोख दिसतो. म्हणून कव्हरवर चिठ्ठी चिकटवलीय: दिवे मालवून बघा. इतक्या गोव्याच्या घरात सगळे हिंदी बोलतात, हे मला दर वेळी खटकतं. तरी देतो.

‘पल्तडचो मुनिस’ या कोंकणी सिनेमाला टोरांटोच्या महोत्सवात २००९ साली समीक्षकांचा पुरस्कार मिळाला, पण आमच्या रजिस्टरात तो दोनदाच गेलाय. जंगलात एकटा राहणारा वनरक्षक, त्याला सापडलेली वेडी बाई आणि त्या दोघांना बघून बिथरलेला गाव, एवढीच गोष्ट. ती बाई झालेली वीणा जामकर त्यात जवळजवळ बोलतच नाही. एका काकांनी कव्हर बघून परत ढकललं, “ही कोंकणी न्हय? म्हाका मराठी दी.” मूळ कथा महाबळेश्वर सैलांची आणि सैल दोन्ही भाषांत लिहितात, असं सांगितल्यावर मुकाट्याने पिशवीत टाकून गेले. (आमच्याकडे भाषेचा वाद असा सुटला तर बरं होईल.)

बंद करायच्या वेळी आठवीतला एक मुलगा भिजत आला. त्याला ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ दिली. फाळके रोपट्याची वाढ फिल्मवर टिपतात तेवढं नीट बघ, म्हटलं. तो तिथेच घुटमळत राहिला. मग हळूच म्हणाला, “काका, आमच्या लॅपटॉपात डिस्क जात नाही.”

वाचनालयाचा जुना प्लेअर काढला, पुसला, वायर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दिली. रजिस्टरात ‘प्लेअर १’ अशी नोंद केली, परतीची तारीख शुक्रवार. फळ्यावर लिहिलं, “सिनेमा हवा असल्यास टेबलापाशी येऊन विचारा.” अध्यक्ष उद्या कटकट करतील.