टॅब दाबला की अख्खी फाइल हलते

सहाशे ओळींची शेल स्क्रिप्ट, बदल तीन ओळींचा. रिव्ह्यूला डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, आला ४१२ ओळींचा. त्यातल्या ४०९ ओळींत फक्त सुरुवातीच्या स्पेसेस इकडच्या तिकडे. मी खाली लिहिलं, "अख्खी फाइल उगाच इंडेंट करू नये. दुसऱ्यांदा सांगतोय." यातलं दुसरं वाक्य मला अजून टोचतं.

"अरे, मी तीनच ओळींना हात लावलाय," ती म्हणाली. ती आमचे सर्व्हर सांभाळते. असं सगळेच म्हणतात, म्हणून मी सोडून दिलं. तिची आणखी एक तक्रार होती: सर्व्हरवर ईमॅक्स या एडिटरमध्ये फाइल उघडताना टॅबने नाव पूर्ण होत नाही. मी नेटवर्कवर ढकललं. सपोर्टवाल्याने कीबोर्ड बदलून दिला. त्यांच्याकडे दोनच औषधं, रीस्टार्ट आणि नवा कीबोर्ड. मी तर तेवढंही केलं नव्हतं.

शेवटी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आली. एसएसएचने, म्हणजे दुरून लॉगिन करून, सर्व्हरवर गेली, फाइल उघडली, एका ओळीवर कर्सर ठेवून टॅब दाबला. ती ओळ नीट सरकली. तिच्यासोबत वरच्या-खालच्या ओळीही हलल्या आणि पडद्याच्या तळाशी "इंडेंटिंग रीजन... डन" उमटलं. एका ओळीच्या इंडेंटला हा संदेश येत नाही. तो येतो मी लिहिलेल्या आज्ञेला. टीमची ईमॅक्स सेटिंग्जची फाइल माझीच आहे.

त्या सेटिंग्जमध्ये मी कंट्रोल-आय या जोडीवर "पूर्ण फाइल इंडेंट करा" बसवलं होतं. आय म्हणजे इंडेंट, लक्षात राहायला सोपं. ईमॅक्सला मुळात कंट्रोल-आय आणि टॅब हे एकच वाटतात, हे मला माहीत होतं, आणि त्यावरचा तोडगा काढल्याचा अभिमानही होता. इनपुट-डीकोड-मॅप नावाच्या तक्त्यात कंट्रोल-आयचं एका वेगळ्याच नावाच्या कीमध्ये रूपांतर केलं आणि आज्ञा त्या नावाला जोडली. माझ्या मशीनवर झकास चालत होतं, कारण मी ईमॅक्स त्याच्या स्वतःच्या खिडकीत वापरतो. तिथे टॅबची की आपल्या वेगळ्या नावाने येते, त्यामुळे ती या तक्त्याच्या तडाख्यातून सुटते.

ती मात्र सर्व्हरवरचं ईमॅक्स टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर, चालवते. तिथे की येतच नाही, येतो आकडा. आस्की या अक्षरांच्या क्रमांक-यादीत मोठ्या आयचा क्रमांक ७३, लहान आयचा १०५. कंट्रोल धरला की खालचे पाच बिट तेवढे उरतात, म्हणजे दोन्हींचे ९. आणि टॅबचा क्रमांकही ९. तसंच कंट्रोल-एम म्हणजे १३, तोच एंटर. कंट्रोल आणि उघडणारा चौकोनी कंस म्हणजे २७, तोच एस्केप. मी तिच्या टर्मिनलवर शोकी हा कीचे आकडे दाखवणारा प्रोग्राम चालवून टॅब आणि कंट्रोल-आय दोन्ही दाबून पाहिले: ९, ९. बोट कुठल्या कीवर पडलं, हे त्या तारेतून पलीकडे जातच नाही. काही नवे टर्मिनल जादा माहिती पाठवू शकतात, पण दोन्ही बाजूंना ती भाषा यायला हवी. आमच्याकडे तसं नव्हतं.

म्हणजे माझा तक्ता तिच्या प्रत्येक टॅबला पकडून कंट्रोल-आय बनवत होता. फाइलचं नाव पूर्ण न होण्याचं कारणही तेच: मिनीबफर, म्हणजे नाव टाइप करायची तळाची ओळ, टॅबची वाट पाहत होता आणि टॅब त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता. ही तक्रार तिने पहिल्याच आठवड्यात केली होती. तेव्हा नुसतं कंट्रोल-एच, के (ही की काय करते, ते सांगणारी मदत) करून टॅब दाबून बघितला असता, तर ईमॅक्सनेच माझ्या आज्ञेचं नाव सांगितलं असतं.

"वापरणाऱ्यांसाठी जागा राखून ठेवलीय ना? कंट्रोल-सी आणि एक अक्षर, नाहीतर एफ५ ते एफ९," ती म्हणाली. ईमॅक्सच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलेलंही आहे. पण दोनदा दाबायचे शॉर्टकट मला आळशी वाटतात, आणि एफ-की लांब पडतात. तिला हे सांगायची हिंमत झाली नाही.

आधी वाटलं, ईमॅक्स खिडकीत असेल तरच तो तक्ता लागू होईल अशी अट घालावी. अट एका ओळीची होती. मग तीही काढून टाकली आणि आज्ञा एफ६वर नेली. एफ६ टर्मिनलमधून एस्केपपासून सुरू होणारी अक्षरांची मालिका म्हणून येतो, त्यामुळे त्याची कुणाशी गल्लत होत नाही.

रिव्ह्यूत माझ्या शेऱ्याखाली लिहिलं, "चूक माझ्या सेटिंगची होती, तिची नाही." तिने त्यावर अंगठा दिला. मी मात्र अजून सवयीने कंट्रोल-आय दाबतो. एकच ओळ सरकते.