नायलॉनच आहे, हात लावून बघा

मी पुण्यात एका स्विमिंग टँकवर कोच आहे, दुपारची लेडीज बॅच माझ्याकडे असते. मे महिना, सुट्ट्यांची मरणाची गर्दी, त्यात कोंढव्याहून एक बाई आली, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. मुलीचा पास झाला, आईचा अडला. कारण तिचा कॉश्च्युम. काळा, फुल बाह्या, खाली घोट्यापर्यंत पँट, वर मांडीपर्यंत झगा आणि टोपी वरच जोडलेली. बुर्किनी हो, सिडनीतल्या अहेदा झानेट्टीनी 2004 मध्ये काढली ती.

सुपरवायझर काका म्हणाले, "असं अंगभर घालून उतरता येणार नाही मॅडम, बोर्ड वाचा." तो बोर्ड मी सात वर्षं बघतेय पण वाचला त्या दिवशी. नायलॉन कॉश्च्युम व टोपी आवश्यक. बास. किती लांब, किती आखूड, काही नाही. म्हटलं काका, नायलॉनच आहे, हात लावून बघा. ते कुठले हात लावतायत! त्या बाईनेच बाटलीतलं पाणी बाहीवर ओतलं, थेंब घरंगळून खाली.

खरं तर नियम आहे कॉटनसाठी. कॉटन पाणी पितं, जड होतं, शिकाऊ माणसाला खाली ओढतं आणि त्याचं सूत फिल्टरच्या जाळीत जातं. आमचा पंपवाला रोज बोळे काढतो ते सकाळच्या जेंट्स बॅचच्या बर्म्युड्यांचे. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही बॅचमध्ये दोघी-तिघी टीशर्ट-लेगिंगवर उतरतात आणि मी बघून न बघितल्यासारखं करते.

काकांचं शेवटचं अस्त्र, "फ्रान्समध्ये बंदी आहे, व्हॉट्सॅपवर आलं होतं." रात्री घरी बघितलं तर अर्धंच खरं. 2016 मध्ये तिथल्या एका गावाची बीचवरची बंदी वरच्या कोर्टाने थांबवली, पण 2022 मध्ये ग्रेनोबल शहराने टँकवर परवानगी दिली ती त्याच कोर्टाने अडवली. आणि तिथे बऱ्याच टँकवर पुरुषांच्या ढगळ चड्ड्याही चालत नाहीत, म्हणजे आमचे काका स्वतःच बाहेर!

मला धास्ती वेगळीच होती, झगा वर तरंगून पायात आला तर? पण आतून नाडी होती, पँटला बांधायची. तरी साडेतीन फुटात उभं करून आधी बघितलं. उतरल्या उतरल्या पाठीवर हवेचा हा एवढा फुगा, ती घाबरली, मुलगी खदाखदा हसतेय, मी दोन्ही हातांनी दाबून हवा काढली. मग कठडा धरून पाय मारायला लावले. पाय एकदम सरळ हो तिचे, पहिल्या दिवशी असे फार कमी जणींचे असतात.

तिसऱ्या दिवशी बॅचमधल्या एक काकू, ज्या स्कूटरवर सनकोट आणि स्कार्फमध्ये फक्त डोळे दिसतील अशा येतात, तिला विचारत होत्या, "हे कुठे मिळतं गं? माझे हात बघ किती काळे पडलेत."

काकांनी मात्र बोर्डावर मार्करने खाली लिहिलं, कॉटन चालणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जेंट्स बॅचने काउंटरवर जो राडा केला तो मला दुपारी पंपवाल्याने अगदी रंगवून सांगितला.