फळ्यावरचं पुसता येतं हो

परवा स्टाफरूममध्ये चहा पिताना परत तोच ऑनलाइन शिकवण्याचा विषय निघाला. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या गुणवत्ता समितीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी स्वयम या सरकारी पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स घेऊया का म्हणून विचारलं होतं, त्यावर आमचे एक सीनियर सर म्हणाले, "समोर पोरं नसली ना की शिकवल्यासारखं वाटतच नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, मीपण डोलावली, आणि घरी येताना गाडीवर वाटत राहिलं की आपण खोटं बोललो राव. म्हणजे अगदी खोटं नाही, पण अर्धं.

मी अर्थशास्त्र शिकवतो, तालुक्याच्या गावातलं सीनियर कॉलेज. मार्च २०२० ला कॉलेज बंद झालं तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांना लिंक कशी बनवतात तेच माहीत नव्हतं. आमचा तास ४८ मिनिटांचा आणि झूमचं फुकटातलं मीटिंग ४० ला तुटायचं, पण ती ८ मिनिटं गेली म्हणून कुणी रडलेलं मला आठवत नाही. एप्रिलमध्ये गृहमंत्रालयाने झूम सुरक्षित नाही म्हटल्यावर "बघा, मी सांगत होतो" म्हणणारेही निघाले. मग सगळे गुगल मीटवर. सीएचबीवरची, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारी तरुण पोरं आम्हा सगळ्यांची गुगल क्लासरूम बनवून द्यायची, पासवर्डसकट, आणि त्यांचाच पगार सगळ्यात बेभरवशाचा.

रेंजचं रडगाणं खोटं नव्हतंच. वर्गात ६०, जॉइन ११, एका पोरीचा मोबाईल म्हणजे वडिलांचा मोबाईल आणि वडील दिवसभर रानात. ते खरंच आहे, त्यावर वाद नाही.

पण मे-जूनमध्ये वेबिनारांचं जे पीक आलं ते आठवा. सकाळी एक, दुपारी एक, शेवटी गुगल फॉर्म भरला की सर्टिफिकेट ईमेलवर. माझ्याकडे एका उन्हाळ्यात २७ जमली. कॅमेरा बंद, माइक बंद, आणि मी इकडे मेथी निवडतोय. तेव्हा कुणी म्हणालं नाही की समोर माणूस नसला की शिकल्यासारखं वाटत नाही! कॅसच्या, म्हणजे आमच्या बढतीच्या फाइलीत ऑनलाइन एफडीपी चालते, रिफ्रेशर चालतो, ही सगळी प्राध्यापकांची प्रशिक्षणं, आणि पोरांनी कॅमेरा बंद ठेवला की "ही पिढी सीरियस नाही."

वर्कलोडची भीती आहे, ती मात्र मला पटते. स्वयमवरून आधी २० टक्के क्रेडिट घेता यायचे, २०२१ मध्ये यूजीसीने ते ४० टक्क्यांपर्यंत नेले, आता एवढे तास बाहेर गेले तर उद्या पद भरायला कोण परवानगी देणार. पण हे कुणी मीटिंगमध्ये बोलत नाही, तिथे आपलं गुरु-शिष्य नातं वगैरे.

माझं स्वतःचं कारण अजून वेगळंय. जुलैमध्ये मी घरी एक छोटा फळा आणला, मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि बाजार समतोल शिकवायला घेतला. बोलता बोलता वर चढता काढायचा पुरवठा वक्र खाली उतरता काढला. मागणीचा एक उतरता, पुरवठ्याचा एक उतरता, समांतर, दोन रूळ टाकल्यासारखे, आणि ते दोन जिथे छेदतात तो समतोल बिंदू शोधतोय! पुढची दहा मिनिटं मी त्याच आकृतीवर बोललोय. वर्गात असतो तर पहिल्या बाकावरची कुणीतरी "सर, उलटं झालं" म्हणाली असती, डस्टर फिरवला असता, हसून विषय संपला असता. इथे माइक सगळ्यांचे मीच म्यूट केले होते. रात्री ग्रुपवर स्क्रीनशॉट, खाली तोंडावर हात ठेवलेल्या इमोजी.

बावीस वर्षं मी दार लावून शिकवत आलो. आत काय चुकलं ते आत राहिलं. ना प्राचार्यांनी पाहिलं ना बायकोने. ते दार गेलं याचाच राग होता, बाकी सगळं नंतर जुळवलेलं.

रेकॉर्डिंग मी त्याच रात्री डिलीट केलं. गेल्या वर्षी एफवायच्या एका पोरीने सांगितलं, "सर, तुमचा तो व्हिडिओ दादाच्या मोबाईलमध्ये अजून आहे." मी विचारलं, कुठला? ती नुसतीच हसली.