ताईचा हॉल आणि कागदावरचा चंद्र

भाचीचं लग्न पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये. ताईने १४ फेब्रुवारीचा हॉल धरला आणि इसारही देऊन मोकळी झाली. तिचा हिशेब साधा होता: यंदा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला होता, पुढच्या वर्षीही त्याच सुमाराला येणार, त्याआधीचा रविवार गाठायचा. उपासाचे दिवस लागले की आमच्या वसईच्या ख्रिस्ती लोकांत लग्नं लागत नाहीत.

आईने विचारलं, "ईस्टर कधी आहे ते बघितलंस का गं?"

मोबाइलवर बघितलं. २८ मार्च. राखेचा बुधवार ईस्टरच्या ४६ दिवस आधी, म्हणजे १० फेब्रुवारी. हॉल चार दिवस उपासात घुसला होता. ताई वैतागली. "नाताळ बघ, दरवर्षी निमूट २५ तारखेला येतो. यालाच काय होतं?"

उत्तर हातातल्या मोबाइलमध्ये होतं, पण कारण माझ्याकडे नव्हतं. ते शोधण्यात पुढचे तीन-चार रविवार गेले.

नियम लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ऐकलेला: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. पौर्णिमा रविवारीच आली तर त्याच्या पुढचा. म्हटलं, पौर्णिमाच हवी ना, मग पंचांग आहे की! यंदाची चैत्र पौर्णिमा २ एप्रिलला, गुरुवारी, आणि ईस्टर ५ एप्रिलला. जुळलं. तिथून बारा पौर्णिमा पुढे गेलं की ३५४ दिवस होतात, वर्षाला ११ कमी, म्हणून पुढच्या वर्षी २२ मार्च. तेही जुळलं. गंमत म्हणजे यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे पंचांगात ती पौर्णिमा फाल्गुनाची ठरते. पंचांग महिन्याचं नाव सांभाळतं, चर्च २१ मार्च सांभाळतं.

खूश होऊन मागची वर्षं तपासायला घेतली आणि २०१९ ला आपटलो. त्या वर्षी फाल्गुन पौर्णिमा २१ मार्चला होती, म्हणजे ईस्टर २४ मार्चला हवा. पण तो होता २१ एप्रिलला. ती तारीख विसरणं शक्यच नाही, त्याच सकाळी श्रीलंकेतल्या चर्चांमध्ये स्फोट झाले होते.

तेव्हा कळलं की चर्चची पौर्णिमा आकाशातली नाहीच, ती कागदावरची आहे. १९ वर्षांत २३५ चांद्रमास बसतात, या जुन्या हिशेबावर तक्ता बांधलेला. (आपले १९ वर्षांत सात अधिक महिने येतात ते याच हिशेबाने.) २१ मार्चही कागदावरचीच, वसंतसंपाताची (दिवस-रात्र सारखे होण्याच्या दिवसाची) ठरवून टाकलेली तारीख. रोमन पंचांगाचं वर्ष ३६५ दिवस ६ तासांचं, खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी जास्त. १२८ वर्षांत एक दिवस सरकतो. इ. स. ३२५ च्या, चर्चच्या निकेया परिषदेच्या काळात २१ मार्चच्या सुमाराला असलेला वसंतसंपात १५८२ पर्यंत ११ मार्चवर आला होता आणि तक्त्यातला चंद्रही खऱ्या चंद्राच्या चार दिवस मागे पडला होता. लग्नसराईचं सोडा, खुद्द ईस्टरच चुकीच्या महिन्यात पडायला लागला होता. म्हणून पोप तेरावे ग्रेगरी यांनी ४ ऑक्टोबर १५८२, गुरुवार, याच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर, शुक्रवार, लावला. मूळ योजना लिलियस नावाच्या इटालियन वैद्याची, ती पार पाडली क्लाव्हियस या जेज्विट संघाच्या गणितज्ञाने. आज आपण ऑफिसात, बँकेत, आधार कार्डावर जी तारीख लिहितो ती ईस्टर जागेवर आणण्याच्या खटपटीतून आली आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

मग हातानेच गणित मांडलं. सालाला १९ ने भागायचं, बाकी घ्यायची. २०२७ ची बाकी १३. तिला ११ ने गुणलं, १४३. एक वजा, १४२. (हा एक १९०० ते २१९९ याच काळात वजा करायचा.) त्यातून तीस-तीस काढत गेलं की उरतात २२. ते ४४ मधून वजा केले की मार्चची तारीख येते: २२ मार्च, सोमवार. पुढचा रविवार २८. २०१९ ची बाकी ५, शेवटी उरतात २४, आणि ४४ मधून गेले की २० मार्च. एका दिवसाने हुकली! म्हणून ३० दिवस पुढची पौर्णिमा, १९ एप्रिल, आणि ईस्टर २१ ला. आकाशात चंद्र २१ मार्चला पूर्ण झाला तरी तक्त्याने तो २० लाच धरला होता.

वहीत सगळं लिहून आईला दाखवलं. तिने एकच विचारलं, "तुझ्या जन्माचं काढ."

१९८१. बाकी पुन्हा ५, पौर्णिमा १९ एप्रिल. त्या दिवशी रविवार, म्हणजे ईस्टर २६ एप्रिल.

"चूक," आई म्हणाली. "तू ईस्टरच्याच दिवशी झालास, १९ ला. चर्चमधली माझी मिस्सा चुकली त्या दिवशी."

माझी वही चुकली होती, आई नाही. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे तक्त्यात काही महिने ३० चे आणि काही २९ चे. शेवटी २४ उरले की तो महिना २९ चा धरायचा, असा अपवाद आहे. जुन्या तक्त्यात ईस्टर २५ एप्रिलच्या पुढे जात नसे, ती मर्यादा मोडू नये म्हणून. पौर्णिमा १८ ला, शनिवारी, आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर. २०१९ मध्ये या अपवादाने रविवार बदलत नव्हता, म्हणून माझ्या लक्षात आला नाही. बाकी ५ पुन्हा २०३८ मध्ये येते. तेव्हा १८ एप्रिलला रविवार आहे, त्यामुळे ईस्टर थेट २५ एप्रिलला, १९४३ नंतर पहिल्यांदाच.

ताईला यात काडीचा रस नव्हता. हॉलवाल्याकडे ७ फेब्रुवारीचा रविवार मोकळा होता, सकाळचाच. तारीख बदलण्याचे त्याने वेगळे पैसे लावले.