दाराच्या फटीएवढा उजेड : आमची वाटचाल

२०११ साली परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या लहानशा गाळ्यात आम्ही काम सुरू केले, तेव्हा पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंकांची सजावट आणि नाटकांच्या जाहिराती एवढाच आमचा व्यवसाय होता. आज आम्ही चार जण आहोत, गाळा तोच आहे आणि कामाचा मोठा भाग मात्र स्वतंत्रपणे व्हिडिओ गेम तयार करणाऱ्या छोट्या चमूंच्या भयगेमची मुखचित्रे करण्याचा आहे. हे दोन्ही व्यवसाय एकमेकांपासून फार दूरचे वाटतात. पण आम्हाला या नव्या कामात उभे केले ते जुन्या कामानेच, आणि म्हणून ही हकिगत नाटकाच्या जाहिरातीपासूनच सांगायला हवी.

आमच्याकडे अक्षरांकन करणारे एक ज्येष्ठ कलाकार आहेत, ज्यांना ऑफिसात सगळे काका म्हणतात. त्यांच्या उमेदीची वर्षे वर्तमानपत्रांतील एका कॉलमाच्या जाहिराती करण्यात गेली. शिवाजी मंदिरच्या प्रयोगाची जाहिरात म्हणजे जेमतेम चार बोटे रुंदीची जागा, शेजारी तशाच आणखी वीस-पंचवीस जाहिराती, कागद खरखरीत आणि शाई पसरणारी. काका नाटकाचे नाव ब्रशने मोठ्या कागदावर लिहीत, ते लहान करून घेत, भिंतीला चिकटवीत आणि दारापर्यंत मागे जाऊन डोळे किलकिले करून पाहत. मी नवीन असताना एकदा एका जाहिरातीत बारीक रेषांचे सुंदर रेखाचित्र बसवले होते, तेव्हा ते म्हणाले, "अगं, चित्र छान आहे, पण नावच वाचता आलं नाही तर माणूस तिकीटखिडकीवर काय मागणार?" त्या दिवसापासून आमच्याकडचे प्रत्येक चित्र आधी लहान आकारात पाहिले जाते.

मार्च २०२० मध्ये नाट्यगृहे बंद झाली आणि आमचे निम्म्याहून अधिक काम एका आठवड्यात थांबले. त्याच वर्षी डोंबिवलीच्या दोन भावांनी त्यांच्या पहिल्या भयगेमचे मुखचित्र करण्यासाठी आम्हाला विचारले. गेम एका जुन्या चाळीत घडत होता. रात्री वीज गेलेली असताना नायिकेने चौथ्या मजल्यावरची आपली खोली शोधायची, एवढेच त्याचे कथानक होते आणि ते त्यांनी मनापासून रचले होते. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात २०१७पासून दर गेममागे १०० डॉलर भरून कोणालाही आपला गेम मांडता येतो, त्यामुळे तिथली गर्दी वर्तमानपत्राच्या नाट्यपानापेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे आणि खरेदीदाराच्या नजरेस सर्वांत आधी पडते ते कॅप्सूल म्हणून ओळखले जाणारे मुखचित्रच.

आमचे पहिले चित्र पूर्णपणे फसले, आणि ते का फसले हे मी प्रत्येक नव्या ग्राहकाला सांगते. आम्ही चाळीचा काळोखा जिना काढला होता. काळ्यात काळे, त्यात जेमतेम दिसणारी एक आकृती, आणि वर लाल ओघळांची अक्षरे. ऑफिसच्या मोठ्या, उजळ पडद्यावर ते आम्हा सर्वांना प्रभावी वाटले. परंतु स्टीमच्या पानाची पार्श्वभूमीच गडद निळसर असते, आणि तिच्यावर ठेवताच चित्राच्या कडा विरघळून गेल्या. यादीतल्या छोट्या चौकटीत तर तिथे नुसता एक काळा डाग उरला, ज्याच्यावरून कोणाचीही नजर सरकून पुढे जावी. भय दाखवायचे म्हणजे अंधार दाखवायचा, असे आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक अंधार कळतो तो त्याच्यालगत उजेड असतो म्हणून, आणि छायाप्रकाशाचा हा पहिला धडा आम्ही सगळेच विसरलो होतो.

दुसरी चूक आकारांची होती. आम्ही एकच चित्र काढून ते कापून सगळीकडे बसवले होते, आणि इथे आकारांचे प्रमाणच एकमेकांशी जुळत नाही. दुकानासाठी आडवे हेडर ९२० बाय ४३० पिक्सेलचे, उभे कॅप्सूल ७४८ बाय ८९६चे आणि लहान कॅप्सूल ४६२ बाय १७४चे लागते; लायब्ररीसाठी, म्हणजे खरेदीदाराने घेतलेल्या गेमच्या संग्रहासाठी, ६०० बाय ९००चे उभे चित्र आणि ३८४० बाय १२४०चा रुंद पट लागतो, ज्याच्यावर अक्षर चालत नाही, कारण लोगो वेगळ्या पारदर्शक फाइलमध्ये द्यावा लागतो. शिवाय लहान कॅप्सूल काही ठिकाणी १२० बाय ४५ पिक्सेल इतके आक्रसून दिसते. त्या जागेत गेमचे नाव वाचता येणे हीच मोठी गोष्ट असते, म्हणून तिथे नावानेच जवळजवळ सगळी चौकट व्यापावी लागते. एक कॉलमाची जाहिरात आयुष्यभर केलेल्या काकांना हे समजावून सांगावे लागले नाही.

आम्ही त्या भावांचे पैसे परत करण्याची तयारी दाखवली. त्यांनी ते न घेता आम्हाला पुन्हा संधी दिली, याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे. दुसऱ्या वेळी आम्ही आधी गेम खेळलो, आणि त्यात आमच्याकडच्या चित्रकार मुलीला एक क्षण सापडला. चाळीच्या लांब गॅलरीत सगळी दारे बंद आहेत, एकच दार बोटभर किलकिले आहे, आणि वीज नसतानाही त्या फटीतून जुन्या बल्बचा आजारी पिवळा उजेड फरशीवर पडला आहे. आम्ही बाकी सगळे निळसर राखाडी ठेवले आणि पिवळा रंग त्या एका पट्टीशिवाय कुठेही येऊ दिला नाही. उभ्या चित्रात जागा अधिक असल्याने दाराबाहेर चपलांचे जोड काढले, त्यांतल्या एकाची तोंडे भिंतीकडे वळलेली. हेडरमध्ये चपला गाळून नायिकेची पाठमोरी आकृती उजेडाच्या कडेला आणली, आणि लहान कॅप्सूलमध्ये उरली फक्त अक्षरे व त्यांच्यामधून जाणारी उजेडाची उभी रेघ. चित्र तीन, पण गोष्ट एकच. नंतर स्टीमकडून डेव्हलपरला, म्हणजे गेम तयार करणाऱ्याला, मिळणाऱ्या अहवालात चित्र किती वेळा दिसले आणि त्यावरून किती जण गेमच्या पानावर आले हे जुन्या-नव्या चित्रांसाठी ताडून पाहता आले, आणि फरक स्पष्ट होता.

ग्राहकांशी आमचा सर्वाधिक वाद होतो तो भुतावरून. ज्याने वर्षभर राबून एक भयंकर आकृती घडवली, त्याला ती मुखचित्रावर हवी असते, आणि ही इच्छा मला अगदी समजते. तरीही माझे मत असे आहे की पूर्ण दिसलेले भूत खेळाडूला प्रश्न विचारत नाही. ते खेळण्याआधीच उत्तर देऊन टाकते. मात्र उलट टोकालाही जाता येत नाही, कारण नुसती सुंदर ओसाड गॅलरी पाहून कोणाला तो कोड्यांचा किंवा निवांत भटकंतीचा गेम वाटू शकतो. हा भयगेम आहे हे एका नजरेत कळले पाहिजे आणि भय कशाचे आहे हे कळता कामा नये. आमचे बहुतेक दिवस या दोहोंमधली जागा शोधण्यात जातात. रक्तमांस आम्ही टाळतोच, कारण ही चित्रे दुकानात सर्वांच्या नजरेस पडतात.

अक्षरांचे काम काका अजूनही कागदावरच करतात. ओघळणारी, तडकलेली, नखांनी ओरबाडलेली अक्षरे लहान आकारात वाचता येत नाहीत. म्हणून ते आधी साधे, जाड, भक्कम अक्षर घडवतात आणि त्यातल्या एकाच अक्षरात बिघाड करतात. चाळीच्या गेममध्ये एका अक्षराची उभी दांडी त्यांनी जराशी कललेली ठेवली, आणि तेवढ्यानेच ते नाव अस्वस्थ करणारे झाले.

व्यवहाराबद्दल थोडक्यात सांगायचे तर परदेशी कामासाठी दर आर्थिक वर्षी जीएसटीचे हमीपत्र भरतो, निम्मी रक्कम आगाऊ घेतो आणि सगळ्या फाइली थरांसह सुपूर्द करतो. सप्टेंबर २०२२पासून स्टीमने कॅप्सूलवर परीक्षणांतील वाक्ये, पुरस्कारांची चिन्हे व सवलतीचा मजकूर यांना मनाई केली, तेव्हा काही ग्राहक नाराज झाले. आम्हाला ती मनाई योग्यच वाटली, कारण त्या गर्दीत चित्राचा श्वास कोंडत होता.

सध्या स्टीमच्या ऑक्टोबरमधल्या नेक्स्ट फेस्ट या आगामी गेमच्या महोत्सवात डेमो, म्हणजे खेळून पाहण्यापुरता नमुना, मांडणाऱ्या एका गेमचे काम चालू आहे. गेम समुद्रकाठच्या दीपगृहात घडतो, आणि दिवा दाखवायचा की दिव्याने उजळलेले धुके, यावर अजून एकमत झालेले नाही. दोन्ही रफ १२० बाय ४५च्या आकारात छापून दाराशेजारच्या भिंतीवर लावले आहेत, आणि काका येता-जाता थांबून त्यांच्याकडे डोळे किलकिले करून पाहतात.