उंटाचं चीज का दिसत नाही?

चीजच्या दुकानात गाय, म्हैस, शेळी, मेंढी, बस, या चौघींचाच माल. बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? पिल्लांना दूध तर डुकरीणही पाजते, पण तिची धार काढून दाखवा! कासेत दूध साठून राहतच नाही, पान्हा आला की अर्ध्या मिनिटाच्या आत संपला, वर बारा-चौदा सड. तो विषय तिथेच मिटला.

खरी गंमत सांडणीची, कारण ती दूध भरपूर देते, वाळवंटातले लोक पिढ्यान्‌पिढ्या पितायत, तरी जुन्या परंपरेतलं उंटाचं चीज जवळपास नाहीच. का, तर दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे अगदी सूक्ष्म गोळे असतात आणि त्यांच्यावर कप्पा-केसीन या त्याच्याच एका प्रकाराची लव असते, तिच्यामुळे गोळे एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातलं एन्झाइम, न्हाव्यासारखं ही लव भादरून टाकतं, की गोळे चिकटले आणि अर्ध्या-पाऊण तासात सुरीने कापता येईल असं घट्ट दूध तयार. गायीच्या केसीनमध्ये हे कप्पा साधारण 13 टक्के, सांडणीच्या जेमतेम साडेतीन, शिवाय त्याची घडणही वेगळी, त्यामुळे वासराच्या एन्झाइमची तिथे डाळ शिजत नाही. हाती येतो लिबलिबीत चोथा, आणि गाळायला गेलं की बराचसा निवळीबरोबर पसार.

मॉरिटेनियात तिविस्की डेअरीच्या नॅन्सी अबेदरहमान बाईंनी फ्रेंच तज्ज्ञाच्या मदतीने उंटाचं चीज जमवलं, डेअरीसाठी त्यांना 1993 मध्ये रोलेक्स पुरस्कारही मिळाला. गाढविणीचं चीज सर्बियात झासावित्साला करतात, किलोमागे 25 लिटर दूध लागतं आणि ते धरावं म्हणून शेळीचं दूध मिसळतात, म्हणजे चीज बरंचसं शेळीचं आणि भाव गाढविणीचा, मला तरी हे काही पटत नाही.

नंतर शास्त्रज्ञांनी उंटाच्याच एन्झाइमचा जीन बुरशीत घालून ते एन्झाइम बनवलं. त्याने सांडणीचं दूध तर धरतंच, पण गायीचं दूधसुद्धा वासराच्या एन्झाइमपेक्षा जोरात धरतं! त्यामुळे गायीच्या चीजलाही आता ते वापरतात, वासराचा जीव घ्यावा लागत नाही, शाकाहारी मंडळींनाही चालतं. पाकिटावर फोटो मात्र अजून गायीचाच.

आपल्याकडे राजस्थानात सादडीला कुंभलगड कॅमल डेअरी उंटाचं चीज करते. कुणी खाल्लं असेल तर चव सांगा.